कुलाबा ते लक्ष्मी रिज: गुरुत्व विसंगतीवरून अरबी समुद्राखालचं कवच (प्रकल्प नोंदी)

१० जून २०२४

छेदाची रेष ठरली. पूर्वेचं टोक कुलाब्याजवळ, १८.९ अंश उत्तर, ७२.८ अंश पूर्व. पश्चिमेचं टोक १६.५ अंश उत्तर, ६६.५ अंश पूर्व. लांबी सुमारे ७२० किमी. सरळ पश्चिमेला न जाता रेष नैऋत्येकडे झुकवली आहे, म्हणजे लक्ष्मी रिज (समुद्रतळावरची, गाळात गाडलेली लांबट उंच रांग) जवळजवळ काटकोनात कापली जाईल. द्विमितीय मॉडेलमध्ये रेषेच्या दोन्ही बाजूंना रचना दूरवर तशीच आहे असं धरलेलं असतं. तिरकी कापली तर रिज आहे त्यापेक्षा रुंद दिसते.

वाटेत आधी मुंबईसमोरचा सुमारे ३०० किमी रुंद खंडमंच लागतो (मुंबई हाय या रेषेच्या बरंच उत्तरेला राहतं), मग उतार, लक्ष्मी खोरं, लक्ष्मी रिज आणि तिच्या पलीकडे अरबी खोऱ्याचं निर्विवाद महासागरी कवच.

खरी गंमत रिजपाशी आहे. तिचा पाया खडक आजूबाजूपेक्षा उंच, सिंधू पंख्याच्या (सिंधू नदीने समुद्रात पसरवलेल्या) गाळात गाडलेला. खडक वर आला की फ्री-एअर वक्रही (विसंगती, म्हणजे मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वातला फरक, फक्त उंचीची दुरुस्ती करून) वर जायला हवा, तो इथे खाली जातो. म्हणजे खोलात हलकं वस्तुमान आहे. ते किती जाड, आणि शेजारच्या खोऱ्याखालचं कवच ताणलेलं खंडीय की महासागरी, हा वाद चाळीस वर्षं चालू आहे.

मंचाखाली दख्खनचा बेसाल्ट पसरलेला असल्यामुळे परावर्तन भूकंपीय लहरींची बरीच ऊर्जा त्याच्या माथ्यावरूनच परत फिरते आणि खालचं चित्र धूसर येतं. गुरुत्वाला बेसाल्टचा अडसर नाही, म्हणून हा मार्ग. खोली मात्र त्याला स्वतःहून कळत नाही. पुढच्या सगळ्या नोंदी या एका अडचणीभोवतीच फिरणार.

१७ जून

मूळ थर म्हणून उपग्रह अल्टिमीटरवरून काढलेलं एका कोनीय मिनिटाचं फ्री-एअर ग्रिड घेतलं. समुद्रतळासाठी गेब्कोचं १५ सेकंदांचं ग्रिड. गाळाच्या जाडीसाठी ग्लोबसेड, पाच मिनिटांचं. तिन्ही एकाच जाळीवर आणताना गाळाचं ग्रिड बारीक करून घेतलं तरी त्यातली माहिती बारीक होत नाही. पाच मिनिटं म्हणजे नऊ किमी, त्याहून लहान गाळाचे खड्डे त्यात नाहीतच.

अल्टिमीटर गुरुत्व मोजत नाही, समुद्रपृष्ठाचा उतार मोजतो. दहा किमीत एक सेंटिमीटर उतार चुकला की विसंगतीत साधारण एक मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं एकक) चूक येते. खोल समुद्रात हे जमतं. मुंबईच्या उत्तरेला खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटी प्रचंड, आणि भरतीचं मॉडेल उथळ पाण्यात डळमळीत. तिथल्या ग्रिडमध्ये दिसणारी किनाऱ्याला समांतर लहर खडकाची असेलच असं नाही. किनाऱ्यापासून २० किमीपर्यंतचे उपग्रह बिंदू सरळ गाळले. तिथे परतणाऱ्या सिग्नलमध्ये जमीन मिसळलेली असते.

सरल उपग्रहाचं अल्टिका उपकरण का-बँडवर (रेडिओ लहरींचा एक पट्टा) चालतं, त्याचा ठसा लहान आणि किनाऱ्याजवळची कामगिरी चांगली. जुलै २०१६ पासून तो ठरावीक पुनरावर्ती मार्ग सोडून सरकत्या कक्षेत आहे, त्यामुळे मागांची दाटी वाढली. का-बँड पावसात क्षीण होतो, हा त्याचा दोष. आपल्या बाजूला जून ते सप्टेंबरमधल्या फेऱ्यांत तुटक माग जास्त सापडतात.

२५ जून

जहाजांच्या जुन्या गुरुत्वरेषा तपासायला घेतल्या. जीपीएसच्या आधीच्या रेषांमध्ये उपकरणापेक्षा नौकानयनाची चूक मोठी असते, कारण इओटव्हॉस दुरुस्ती (जहाज पूर्व-पश्चिम चालत असल्यामुळे वाचनात पडणारा फरक काढणं).

सूत्र असं: ७.५०३ × वेग (नॉट) × अक्षांशाची कोज्या × दिशेची ज्या, अधिक ०.००४१५४ × वेगाचा वर्ग. १९ अंशांवर १० नॉटने पूर्वेला जाणाऱ्या जहाजाला +७१.४ मिलिगॅल, पश्चिमेला जाणाऱ्याला −७०.५. म्हणजे तीच रेष जाताना आणि येताना कच्च्या नोंदीत १४० हून जास्त मिलिगॅलने वेगळी. त्यात वेग ०.१ नॉटने चुकला की ०.७ मिलिगॅल गेलेच. सरळ उत्तरेला जाताना वेगाचा फारसा संबंध नाही, पण दिशा एका अंशाने चुकली की १.२ मिलिगॅल.

म्हणून प्रत्येक रेषेचे वळणांवर तुकडे पाडले. वळणाच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मिनिटं फेकली, कारण स्थिरमंच (जहाज डोललं तरी उपकरण उभं ठेवणारा) तेवढ्यात सावरत नाही. प्रत्येक तुकड्याचा उपग्रह ग्रिडशी सरासरी फरक काढून वजा केला आणि मगच क्रॉसओव्हर (दोन रेषा छेदतात तिथला फरक) पाहिले. क्रम उलटा केला तर एका वाईट तुकड्याची चूक समायोजनात चार चांगल्या तुकड्यांत वाटली जाते. सरासरी वजा केल्यावर जहाजाची लांब तरंगलांबीची माहिती जाते हे खरं, पण ती उपग्रहाकडे जास्त भरवशाची आहेच. जहाजाकडून हवी असते ती २० किमीच्या आतली धार.

८ जुलै

किनाऱ्यावरचे बिंदू. गाळलेली २० किमीची पट्टी आणि जमीन यांचा सांधा नीट बसावा म्हणून कुलाबा, उरण, अलिबाग या बाजूला जमिनीवरची वाचनं लागतात.

पावसाळ्यात किनाऱ्याजवळ ग्रॅव्हिमीटर स्थिर राहत नाही. लाटांच्या माऱ्याने जमीन काही सेकंदांच्या आवर्तनाने हलत असते. उपाय दोनच: साठ-साठ सेकंदांच्या सरासरीची निदान पाच वाचनं, आणि त्यांचा फैलाव ०.०२ मिलिगॅलच्या वर गेला तर बिंदू पुन्हा. शहरात रुळांजवळ बिंदू घ्यायचाच असेल तर शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंतची वेळ. बेस स्टेशनवर दर तीन-चार तासांनी परत. स्प्रिंगचा ड्रिफ्ट (वाचन हळूहळू सरकणं) सरळ रेषेत धरायचा तर त्याहून लांब फेरी चालत नाही. चंद्रसूर्याच्या ओढीची दुरुस्ती वेगळी, तिचा चढउतार ०.३ मिलिगॅलपर्यंत जातो.

जागा निवडताना भराव टाळायचा, उघडा बेसाल्ट बघायचा. पण गिल्बर्ट हिलसारख्या उभ्या कड्याच्या पायथ्याशीही नको: बाजूचा खडक वरच्या दिशेने ओढतो, वाचन कमी येतं आणि ती भूरूप दुरुस्ती साध्या उंची-ग्रिडवरून निघत नाही.

उंची. फ्री-एअर ०.३०८६ आणि बुगे स्लॅब (बिंदू आणि समुद्रसपाटी यांच्यामधल्या खडकाची ओढ) ०.११२, म्हणजे निव्वळ ०.१९७ मिलिगॅल प्रति मीटर. फोनच्या जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक म्हणजे एक ते दोन मिलिगॅल. दुहेरी वारंवारतेचा रिसीव्हर आणि तासाभराची नोंद हवी.

१६ जुलै

सांध्यावर उडी आली. समुद्राकडचा वक्र आणि जमिनीकडचा वक्र किनाऱ्यावर जुळत नाहीत, साधारण पंधरा मिलिगॅलची पायरी. पश्चिम किनाऱ्याला समांतर प्रस्तर-भ्रंश आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे अशी पायरी पाहून कोणाचाही हात भ्रंश काढायला शिवशिवतो. आधी दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली: जुने जमिनीवरचे आकडे पॉट्सडॅम या जुन्या संदर्भ-पद्धतीत असतात. ती खऱ्या मूल्यापेक्षा सुमारे १४ मिलिगॅलने जास्त. त्यांच्याबरोबर १९३० चं सामान्य गुरुत्वाचं सूत्र वापरलेलं असतं. ते सूत्र १९ अंशांवर ९७८५९५.० मिलिगॅल देतं, १९८० चं ९७८५८०.२ देतं, फरक १४.८. दोन्ही बदलले तर विसंगती एका मिलिगॅलहून कमी हलते. एकच बदललं तर पूर्ण पायरी. बहुतेक वेळा मोजलेलं मूल्य आयजीएसएन-७१ या नव्या संदर्भ-पद्धतीवर आणलेलं असतं आणि सूत्र तसंच राहिलेलं असतं, किंवा उलट. पायरी वर की खाली यावरून कोणतं राहिलं ते लगेच कळतं.

दुसरी: जीपीएस लंबगोलापासूनची उंची देतं, फ्री-एअर विसंगतीला समुद्रसपाटीपासूनची लागते. मुंबईत जिऑइड (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) लंबगोलाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे (श्रीलंकेच्या दक्षिणेला जो शंभर मीटरहून खोल जिऑइड खड्डा आहे त्याचीच ही कड). उंची न बदलता वापरली तर ६० × ०.३०८६ म्हणजे १८.५ मिलिगॅल. हाही जवळजवळ सपाट फरक, म्हणून आतल्या आत जमिनीचे सगळे बिंदू एकमेकांशी छान जुळतात आणि संशय येत नाही.

इथे पहिलं कारण निघालं. सूत्र बदलल्यावर पायरी मिटली, भ्रंशाची गरज उरली नाही.

२ ऑगस्ट

पाणी उतरवलं. पाण्याच्या १.०३ ऐवजी २.६७ घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, पुढेही हेच एकक) भरली तर ०.०६८८ मिलिगॅल प्रति मीटर. मंचावर ७५ मीटर पाण्याला ५ मिलिगॅल, लक्ष्मी खोऱ्यात ३५०० मीटरला २४०. यामुळे बुगे वक्र (ही दुरुस्ती केल्यावरचा) समुद्राकडे झपाट्याने चढतो. त्या चढाला ‘प्रावरण (कवचाखालचा जड थर) वर आलं’ म्हणणं बरोबर आहे, पण त्याचा मोठा भाग आपणच पाणी बुजवून तयार केलेला असतो. मंचाच्या कडेवरची फ्री-एअरची उंच-सखल जोडी मात्र मूळ डेटात असते आणि ती बव्हंशी भूमितीची: उथळ तळाची कड आणि खोलातल्या मोहोचा (कवच आणि प्रावरण यांच्या सीमेचा) उतार यांचे परिणाम वेगवेगळ्या रुंदीचे, म्हणून एकमेकांना पूर्ण खोडत नाहीत. तिथे गाडलेलं जड शरीर शोधायला जाऊ नये.

१३ ऑगस्ट

गाळ. सगळ्यात जास्त वेळ इथे जावा, आणि नेमका इथेच लोक एक आकडा टाकून पुढे जातात.

पाच किमी गाळ, सरासरी घनता २.३, कवच २.७५: स्लॅबचा परिणाम ०.०४१९३ × ०.४५ × ५००० = ९४ मिलिगॅल. घनता फक्त ०.१ ने चुकली तर २१ मिलिगॅल. मोहोवर घनताफरक ०.४ धरला तर एक किमी मोहो म्हणजे १६.८ मिलिगॅल. म्हणजे गाळाच्या घनतेतली ०.१ ची हयगय मोहोला सव्वा किमी हलवते, आणि ती हयगय नकाशावर ‘कवच जाड झालं’ अशी वाचली जाते.

पातळ गाळात चूक दुसऱ्या बाजूने. २०१५ च्या आयओडीपी (आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-विवर कार्यक्रम) ३५५ मोहिमेतलं यू-१४५७ हे विवर लक्ष्मी रिजच्या पूर्व कुशीवर आहे. तिथे समुद्रतळाखाली सुमारे १०९० मीटरवर बेसाल्ट लागला. आपल्या रेषेसाठी हा सोन्यासारखा बिंदू, कारण गाळाची जाडी तिथे अंदाजाची राहत नाही. वरचे शेकडो मीटर पाण्याने भरलेले, घनता २.० च्याही खाली. सरासरी १.९ खरी असताना २.३ वापरली तर १८ मिलिगॅल जास्तीचे, पुन्हा एक किमी मोहो.

म्हणून खोलीबरोबर वाढणारी घनता घेतली: पाचशे-पाचशे मीटरचे थर, प्रत्येकाला भूकंपीय वेगावरून गार्डनरच्या संबंधाने घनता. २५०० मीटर प्रति सेकंदाला २.१९, ३५०० ला २.३८, ४५०० ला २.५४. मंचावर हाच नियम चालवू नये. तिथे मायोसीन चुनखडक आहेत, त्याच खोलीवरच्या चिखलापेक्षा जड. मंचासाठी वेगळा स्तंभ केला आणि दोन्हींचा सांधा उताराच्या माथ्यावर ठेवला.

बेसाल्टचं काय? दोन किमी बेसाल्ट २.८५, आजूबाजूचा पाया खडक २.७०, परिणाम साडेबारा मिलिगॅल. तळ दिसत नाही, म्हणून जाडी ठरत नाही. मॉडेलमध्ये तो वेगळा थर ठेवला, तळाची रेघ तुटक.

२६ ऑगस्ट

उष्णतेची दुरुस्ती. पश्चिमेकडचं शिलावरण खंडाच्या मानाने तरुण आणि उष्ण, त्यामुळे प्रावरण किंचित हलकं. ५० किमी जाडीत २०० अंशांचा फरक, प्रसरण गुणांक ३.२ × १०⁻⁵ धरला तर घनतेत ०.०२१ ची घट आणि ४४ मिलिगॅल. मोहोच्या भाषेत अडीच किमीहून जास्त. ही वगळली तर रिजच्या पश्चिमेला महासागरी कवच नऊ-दहा किमी जाड निघतं आणि मग त्याला ज्वालामुखीचं कारण शोधत बसावं लागतं.

९ सप्टेंबर

पार्कर-ओल्डेनबर्ग पद्धतीने मोहो काढायला सुरुवात. सरासरी खोली २५ किमी, घनताफरक ०.४.

पद्धत फूरिए क्षेत्रात विसंगती खाली नेते आणि खाली नेताना लहान तरंगलांब्या घातांकी वेगाने फुगतात. २५ किमी खोलीसाठी गुणक: २०० किमी तरंगलांबीला २.२, १०० ला ४.८, ५० ला २३, आणि २५ ला ५३५. ग्रिडमधली दोन मिलिगॅलची चूक घेऊन बघा. २०० किमीवर ती मोहोत पाव किमी, ५० वर २.७ किमी, २५ वर साठ किमीच्या पुढे, म्हणजे मूर्खपणा. म्हणून १५० पासून १०० किमीपर्यंत कोज्या-उताराचा फिल्टर. फिल्टर ५० वर ठेवला की नकाशावर सुंदर मणी दिसतात, प्रत्येक मण्याला नाव द्यावंसं वाटतं. त्यातले बरेच गाळाच्या ग्रिडमधून उतरलेले असतात.

सरासरी खोली गुरुत्वातून येत नाही. ती दोन किमीने चुकवली तर सबंध मोहो दोन किमीने सरकतो आणि १०० किमीच्या लाटांची उंची तेरा टक्क्यांनी बदलते. तिला अपवर्तन भूकंपीय छेदाच्या बिंदूवर खिळा मारावा लागतो. वर्णपटाच्या उतारावरून काढलेली खोली ताळा म्हणून पाहिली, पण उताराची सरळ रेघ कुठून कुठे ओढायची हे माणूसच ठरवतो. त्या उत्तरावर फार भार टाकू नये.

मोहो इथे किनाऱ्याखाली पस्तीस किमीच्या पुढे आणि पश्चिम टोकाला बारा किमीच्या आसपास. उठाव सरासरी खोलीच्या निम्म्याएवढा असल्याने श्रेणीचं पहिलं पद पुरत नाही, पाच पदं घेतली. दोन फेऱ्यांमधला फरक ०.०२ किमीखाली आला की थांबायचं.

कडा: ग्रिड चारही बाजूंना छेदाच्या निम्म्या लांबीने वाढवून मगच उतरतं टेपर (कडेकडे मूल्यं हळूहळू शून्यावर नेणं). कमी वाढवलं तर पूर्वेच्या सह्याद्रीची ऋण विसंगती गुंडाळून पश्चिमेच्या समुद्रात येते.

७ ऑक्टोबर

आता छेदावर थेट मॉडेल, तलवानींच्या बहुभुज पद्धतीने. घनता: पाणी १.०३, गाळ थरांप्रमाणे, बेसाल्ट २.८५, वरचं कवच २.७०, खालचं २.९०, अंडरप्लेट (कवचाच्या तळाला चिकटलेला जड अग्निज थर) ३.०५, प्रावरण ३.३०. दोन्ही टोकांना सगळे थर पाच हजार किमी बाहेर ओढले. न ओढल्यास मॉडेलच्या कडेला जग संपतं आणि शेवटच्या शंभर किमीत वक्र कोसळतो. नवखे तो मोहो वाकवून सावरतात.

लक्ष्मी खोऱ्यातले पणिक्कर, रामन, वाडिया हे समुद्री पर्वत द्विमितीय नाहीत. रेषेच्या जवळ येतात तिथे लांबी मर्यादित करून अडीच-मितीय घेतले, नाहीतर त्यांचा परिणाम जास्त मोजला जातो.

२४ ऑक्टोबर

रिजखालचा खड्डा दोन प्रकारे भरला. पहिल्यात खंडीय कवच जाड, मोहो खाली. दुसऱ्यात कवचाच्या तळाशी ३.०५ चा अंडरप्लेट. पाच किमी अंडरप्लेट प्रावरणाच्या जागी बसवला की ०.०४१९३ × ०.२५ × ५००० = ५२ मिलिगॅलची घट; तेवढीच घट ३.१ किमी साध्या खालच्या कवचाने होते. दोन्ही वक्र मोजलेल्या वक्रावर ग्रिडच्या चुकीच्या मर्यादेतच बसतात. त्यामुळे ‘फिट उत्तम, म्हणून मॉडेल अ’ असं वाक्य अहवालात येता कामा नये.

निवाडा बाहेरून करावा लागतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपवर्तन छेदात रेषेच्या वायव्येला, गोप खोरं आणि लक्ष्मी रिज यांच्याखाली, कवचाच्या तळाशी जास्त वेगाचा जाड थर दिसतो. तो आपल्या रेषेपर्यंत पोचतो असं धरणं वाजवी वाटतं, म्हणून दुसरं मॉडेल पुढे नेलं आणि पहिलं टाकून न देता शेजारी छापायचं ठरलं. खोऱ्याचा प्रश्न गुरुत्वाने सुटत नाही. पातळ २.८ चं ताणलेलं खंडीय कवच आणि जाडसर २.९ चं महासागरी कवच यांच्यात मोहो जेमतेम एखाद-दोन किमी सरकवून अदलाबदल करता येते. चुंबकीय पट्टे आणि विवरातला बेसाल्ट या दोन्हींशी बोलल्याशिवाय त्या खोऱ्यावर नाव लिहू नये.

११ नोव्हेंबर

पूर्व टोक. मुंबईखालची धन विसंगती जुनी आणि प्रसिद्ध, १९६६ पासून तिच्यावर लिहिलं गेलंय. उथळ कवचात घुसलेलं जड अग्निज शरीर हा सर्वसाधारण अर्थ. ते मॉडेलमध्ये न ठेवता फक्त मोहो वर ओढून वक्र जुळवता येतो, पण मग मोहोला पन्नास किमीत असा उभा चढ द्यावा लागतो की वक्राची कड मोजलेल्यापेक्षा बोथट येते. उथळ शरीर ठेवलं की कड आपोआप धारदार होते. तरंगलांबी खोलीची वरची मर्यादा सांगते, खालची नाही. इतपत विश्वास गुरुत्वावर टाकता येतो.

२२ नोव्हेंबर

अंतिम फाइली. प्रत्येक ग्रिडच्या नावात: फ्री-एअर की बुगे, भरलेली घनता, फिल्टरची दोन टोकं, वजा केलेली सरासरी. वजा केलेली सरासरी लिहिली नाही तर पुढचा माणूस तेच ग्रिड जमिनीच्या नकाशाला जोडताना पुन्हा किनाऱ्यावर पायरी काढील. छेदाच्या आकृतीत विवर किंवा अपवर्तनाने पक्क्या झालेल्या सीमा अखंड रेघेत, नुसत्या गुरुत्वावर टेकलेल्या तुटक रेघेत. रिजखालच्या अंडरप्लेटचा तळ तुटक, यू-१४५७ वरचा बेसाल्टचा माथा अखंड. रेषेवर प्रत्यक्ष अपवर्तन नोंदी मिळाल्या तर पहिली सरासरी खोली बदलायची, मग गाळाचा स्तंभ, घनताफरक सगळ्यात शेवटी.